प्रकरण अकरावे : रंगखात्यातली जागा

अमेरिगोचं अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं, आणि त्याच्या बोटांतली जपमाळ तिसऱ्यांदा काढली गेली होती.

आर्जाने नवऱ्याला धुतलं, दाढी केली, लग्नातला काळा सूट चढवला आणि हातांत माळ गुंफली. दीर स्पार्ताको आला. त्याने माळ सोडवून खुंटीला अडकवली आणि भावाच्या गळ्यात लाल रुमाल बांधला. आर्जाने रुमाल ओढून काढला. स्पार्ताकोने परत बांधला. मधल्या मध्ये मढ्याचा शर्ट चुरगळला, कॉलरचं बटण तुटून पलंगाखाली गेलं.

"हात लावू नकोस त्याला," आर्जा म्हणाली.

"मी नाही लावणार तर कोण लावणार? भाऊ आहे माझा."

"मेल्यावर भाऊ झाला. रात्र रात्र खोकत होता तेव्हा कुठे होतास?"

"कुठे असणार? कारखान्याने लाथ घातल्यापासून दुसऱ्यांचे द्राक्षवेल बांधतोय. संध्याकाळी बोटं वळत नाहीत माझी. आणि हा म्हणाला होता, पाद्री नको, घंटा नको, पाणी शिंपडणं नको. लाल झेंडे आणि बँड. तुझ्यासमोर म्हणाला होता."

"शेवटी बदलला. पहाटे त्याने पाद्र्याला, डॉन गास्तोनेला बोलवा म्हणून सांगितलं. मी ऐकलं."

"तू पंपावर होतीस, आर्जा. सगळ्या गल्लीने तुला बादली घेऊन जाताना बघितलंय. खोटंही धड बोलता येत नाही तुला."

चुलीपाशी जवाची कॉफी उकळत नोर्मा उभी होती. पहाटे बापाजवळ तीच होती. तिने मान वर केली नाही.

भांडण वरून देवाचं होतं, आतून नोकरीचं. सान रोमोलो गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नोकरीत असताना माणूस मेला की त्याची जागा पोराला मिळायची. तसा रिवाजच होता. पण कारखान्याचं फाटक चर्चमधून उघडायचं. नोकरभरतीचा साहेब पोराला काही विचारायचा नाही, पाद्र्याला विचारायचा. ज्या घरातलं मढं लाल झेंड्यांखाली गेलं, त्या घरातल्या पोराने मग आयुष्यभर फाटकाकडे लांबूनच बघायचं. चार वर्षांपूर्वी रोमहून पोपचा हुकूम सुटला होता, कम्युनिस्टाला प्रार्थना नाही, संस्कार नाही, काही नाही. आता मढ्यालाही पक्ष बदलावा लागत होता.

आणि अमेरिगोचा पोरगा लोरिस खिडकीपाशी बसला होता. एकोणीस वर्षांचा, धडधाकट, बेकार. रस्त्यावरून एक चिकाला स्कूटर फटफटत गेली तशी त्याची मान आपोआप वळली. बाप आतल्या खोलीत मरून पडलेला, तरी वळली.

स्पार्ताकोने ते पाहिलं.

त्या स्कूटरचा जन्म त्याने आणि अमेरिगोने डोळ्यांनी पाहिला होता. लढाईत दोघे भाऊ याच कारखान्यात बॉम्बर विमानांच्या पंखांना रिव्हेट मारत होते. मग अमेरिकन आले आणि त्यांनी वरून बॉम्ब टाकून कारखाना सपाट केला. जर्मन जाताना उरलंसुरलं यंत्र उचलून घेऊन गेले. लढाई संपली तेव्हा दोघांनी बाकीच्यांबरोबर विटांखालून लेथ उकरून काढले. पगार नव्हता, सूप मिळायचं. विमानं करायला बंदी. आधी पातेली केली, मग दरवाजांच्या कड्या. गोदामात बॉम्बरच्या शेपटीची बारकी चाकं राशीने पडली होती. कुणीतरी म्हणालं, यांच्यावर काहीतरी चालवा. विमानाचे साहेब ते, त्यांना मोटरसायकल काय माहीत. त्यांनी पत्रा वाकवला, इंजिन बुडाखाली लपवलं, साखळी काढून टाकली, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली. पहिली चिकाला फाटकाबाहेर आली तेव्हा लोक हसले. म्हणाले, स्टुलाला चाकं लावलीत. वर्षभरात हसणारे रांगेत उभे होते. सुईणी, तपासनीस, वकील, प्रेमात पडलेली पोरं. बाईला झगा घालून बसता येतं, माणसाच्या पाटलोणीला तेल लागत नाही. ज्यांच्या बुटांना तळ नव्हते त्यांनीही हप्त्याने घेतली. पोंतेदेराच्या वेस्पाशी, मिलानच्या लाम्ब्रेताशी टक्कर होती, आणि टक्कर रंगावर होती. चिकाला साखरेच्या गोळीसारखी चकाकायची. पाणहिरवी.

ती चकाकी अमेरिगो मारायचा. बंद खोलीत. पंखा लावला की धूळ उडते, धूळ बसली की चकाकी जाते, म्हणून पंखा बंद. तोंडाला ओला रुमाल. नाकातून हिरवं यायचं, थुंकी हिरवी पडायची; रविवारी लोक चौकात म्हणायचे, काय सुंदर रंग आहे यंदाचा.

"काका," लोरिस म्हणाला, "झेंडे खायला घालणार आहेत का मला?"

"झेंडे नाही घालणार. पण बापाची इज्जत..."

"तुमची इज्जत सांभाळून तुम्ही वेल बांधताय. मला नाही बांधायचे. मला फाटकातून आत जायचंय. माझ्या बरोबरीचे सगळे आत आहेत. चिकालावर फिरतात, मागे पोरी बसवतात, आणि मी भिंतीला टेकून त्यांच्याकडून सिगरेट मागतो."

"शाबास. बापाच्या मढ्यावर पोरी बसव."

"स्पार्ताको!" आर्जा ओरडली.

तेवढ्यात बाहेर फटफट थांबली. पाणहिरवी चिकाला दाराशी टेकवून, मांड्यांपर्यंत खोचलेला झगा सोडत डॉन गास्तोने उतरला. साखळी नसलेली ती गाडी पाद्र्यांना मोठी सोयीची. सगळ्या जिल्ह्यातले पाद्री तिच्यावर बसून मढ्यांपर्यंत पोचत होते.

स्पार्ताको उठला नाही. बाकी उठले.

"धीर धर, बाई," डॉन गास्तोने म्हणाला. माणूस वाईट नव्हता. जाडा, दमेकरी, लढाईत त्याने तळघरात माणसं लपवली होती, त्यांत लालही होते. "मी साहेबांकडूनच येतोय. त्यांनी स्वतः सांगितलंय. अंत्ययात्रेला कारखान्याचा स्कूटर क्लब येईल, पांढरे हातमोजे घालून, पुढे सगळे ओळीने. मोठा मान आहे हा. आणि लोरिसची जागा पक्की."

लोरिस उभाच होता, त्याने खुर्चीची पाठ धरली.

"फुकट?" स्पार्ताको म्हणाला.

"फुकट नाही, स्पार्ताको. तुला माहीत आहे. उद्या बिशपसाहेबांनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर हवं. अमेरिगोने शेवटच्या घटकेला मला बोलावलं होतं, आणि ते ऐकणारं माणूस आहे. एवढं पुरे. बाकी माझ्यावर."

"मी ऐकलंय," आर्जा म्हणाली.

"बाई, तू पंपावर होतीस. मला तीन बायकांनी वाटेतच सांगितलं." तो वळला. "जवळ तू होतीस ना, नोर्मा?"

"होते."

"मग?"

"फादर, आधी कॉफी घ्या," नोर्मा म्हणाली. तिने कप बशीत ठेवून पुढे केला.

डॉन गास्तोनेने कॉफीचा घोट घेतला आणि आर्जाला बरं वाटावं म्हणून बोलत राहिला. त्याने गप्प बसायला हवं होतं. "जागा चांगली आहे. तीच बापाची. रंगखात्यातली. आता तर त्यांनी दूध वाढवलंय, बाई. पूर्वी अर्धा लिटर होतं, आता रोजचा एक लिटर देतात पोरांना."

आर्जाने हळूच विचारलं, "रंगखातं?"

"हो, म्हणजे... बापाची जागा पोराला. नियमच आहे."

"मला वाटलं जोडणीला घेतील. चाकं बसवायला."

"तिथे जागा नाही, बाई."

आर्जा खाली बसली. खुर्चीवर नाही, चुलीसमोरच्या लाकडांवर.

रंग मारणाऱ्यांना कारखाना दूध द्यायचा. दुधाने छाती धुऊन निघते असं सगळ्यांनाच वाटायचं. साहेबांना, डॉक्टरला, खुद्द रंगाऱ्यांना. अमेरिगो ते दूध प्यायचा नाही. बाटलीत भरून, कोटाखाली लपवून घरी आणायचा. रोज. लढाईनंतरचे दिवस, पोरं काडीसारखी. आर्जा त्या दुधात शिळा पाव कुस्करून लोरिसला द्यायची, नोर्माला उरलं तर. "तू प्यालास का?" ती विचारायची. "प्यालो," अमेरिगो म्हणायचा, आणि तिला माहीत असायचं की हा प्यालेला नाही. ती बाटली घ्यायची. गेले सहा महिने त्याचं रक्त पुसताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: ते दूध त्याच्या पोटात गेलं असतं तर तो वाचला असता. ती तसंच समजत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की दुधाने काही होत नाही. सान रोमोलोत कुणालाच ते माहीत नव्हतं.

"एक लिटर," ती म्हणाली. "बापाचं याने प्यायलं. आता याचं कोण पिणार?"

"आई, मी पीन ना! मी रोज तिथेच पीन, शपथ!"

"तू पिणार नाहीस. तुला पोर झालं की बाटली आणशील. मला ठाऊक आहे." ती उठली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "फादर, मी खोटं बोलले. मी काही ऐकलं नाही. तो लाल होता, लालच मेला. झेंडे आणू देत यांना."

लोरिसने टेबलावर मूठ आपटली. "वेड लागलंय का तुला? सकाळपासून तूच म्हणतेयस..."

"सकाळी म्हणत होते. आता नाही म्हणत."

"आर्जा, थांब." हे स्पार्ताको बोलला, आणि सगळे त्याच्याकडे वळले.

स्पार्ताको खाली बघत होता. अख्ख्या जिल्ह्यात पक्षासाठी सभा घेणारा माणूस, पण इथे शब्द चाचपत होता. हाकलल्यापासून त्याने काय काय पाहिलं होतं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको माहेरी गेली ती परत आली नव्हती. साथी चौकात हात हातात घ्यायचे, पाठीवर थापा मारायचे, आणि जेवायच्या वेळी आपापल्या घरी जायचे. फाटकाबाहेरचा माणूस म्हणजे काय हे तो लोरिसच्या तोंडावर आताच वाचत होता.

"पोराला आत जाऊ दे," तो म्हणाला. "आत गेला की खातं बदलता येतं. युनियन आहे. आपण लढू, पंखा लावून घेऊ. बाहेर राहून काही होत नाही, आर्जा. बाहेर माणूस असाच सडतो. नोर्मा, सांग फादरना. म्हण, बोलावलं होतं. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"तुम्ही सांगताय हे, काका?"

"मी सांगतोय. एक खोटं. मी पापी, मी नास्तिक, माझ्या नावावर लाव ते."

डॉन गास्तोने खिडकीबाहेर बघू लागला, जणू त्याने काही ऐकलंच नव्हतं.

नोर्माने ओट्याची कड धरली. तिला हसू येत होतं, आणि ते हसू नव्हतं.

कारण बापाने बोलावलं होतं.

वर्षभरापूर्वी, बरा असताना, त्याने तिचा हात धरून शपथ घ्यायला लावली होती. "शेवटी मी घाबरलो, ओरडलो, पाद्र्याला आण म्हणालो, तरी आणायचं नाही. तो मी नसेन. तो माझा खोकला बोलत असेल. कळलं?" तिने शपथ घेतली. आज पहाटे त्याने डोळे उघडले आणि तिचं मनगट असं पकडलं की अजून निळं होतं. "गास्तोनेला बोलाव. पळ. नोर्मा, पळ." ती म्हणाली, "जाते, बाबा," आणि जागची हलली नाही. तो दाराकडे बघत राहिला. शपथ घ्यायला लावणारा बाप खरा की दाराकडे बघणारा, हे तिला कळलं नाही, आणि तेवढ्यात दाराकडे बघणारा मेला.

आता ती खरं बोलली असती तर बापाला जे हवं होतं ते उशिरा का होईना मिळालं असतं. घंटा, पाणी, प्रार्थना. काकाला वाटलं असतं की पुतणीने भावासाठी खोटं सांगितलं. आणि सोमवारी लोरिस ओला रुमाल बांधून त्या खोलीत गेला असता. काका म्हणतो तसं खातं बदलतं? ती स्वतः शेजारच्या शेडमध्ये सीटची कव्हरं शिवत होती. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. रोज तोच, मग एक दिवस नवा. खातं बदललेला एकही माणूस तिने पाहिला नव्हता.

"नोर्मा," लोरिस म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "ताई. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही."

"नाही बोलावलं," ती म्हणाली.

"नीट आठव, मुली," डॉन गास्तोने म्हणाला.

"नीट आठवतंय. मी विचारलं, फादरना आणू का? बाबांनी थुंकी टाकली आणि म्हणाले, त्या झगेवाल्याला उंबरा ओलांडू देऊ नकोस." तिने पाद्र्याच्या डोळ्यांत डोळे घातले. "हेच शब्द. बिशपना सांगा."

डॉन गास्तोनेने कप खाली ठेवला. त्याला राग आला नव्हता, हे जास्त वाईट होतं. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून ओठ हलवले, हाताने क्रूसाची खूण केली नाही, आणि निघाला. बाहेर दोन-तीन लाथा मारल्यावर चिकाला सुरू झाली.

लोरिस बहिणीजवळ आला. तिला वाटलं मारेल. त्याने मारलं नाही. तिच्या तोंडावर थुंकला, अगदी जवळून, आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

"खरं बोललीस?" स्पार्ताकोने विचारलं.

"हो."

"मग माझा भाऊ माझ्यापेक्षा मोठा निघाला," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रडला.

दुसऱ्या दिवशी अमेरिगो बांदेक्की लाल झेंड्यांखाली गेला. झेंडे बरेच होते. आसपासच्या गावांतून साथी आले, आले ते बहुतेक चिकालावरून, आणि कब्रस्तानाच्या भिंतीशी त्या ओळीने लावून ठेवल्या. बँड बेसूर होता, कारण थंडीने ओठ फुटले होते. घंटा वाजली नाही. भिंतीलगतच्या कोपऱ्यात, बाप्तिस्मा न झालेल्या पोरांच्या शेजारी खड्डा खणला होता.

स्पार्ताकोने भाषण केलं. चांगलं केलं. म्हणाला, या माणसाने फॅसिस्टांपुढे मान वाकवली नाही, मालकांपुढे वाकवली नाही, आणि काल मृत्यू समोर उभा असतानाही वाकवली नाही. त्याच्या पोटच्या पोरीने हे पाहिलंय. सगळ्यांनी नोर्माकडे बघितलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एकाने पुढे येऊन तिचा हात दाबला. तिने दाबू दिला.

लोरिस खड्ड्यापासून लांब, फाटकाशी उभा होता. माती पडायला लागली तसा तो चालायला लागला.

परतताना मायलेकी मागे राहिल्या. दोघींनी आर्नो नदीवरचा पूल ओलांडला. पुलाच्या पलीकडे आर्जा म्हणाली,

"मी पंपावरून परत आले होते."

नोर्मा थांबली.

"पंप गोठला होता. बादली रिकामीच होती. दाराबाहेर उभी होते मी, तो तुला पळ म्हणाला तेव्हा."

"मग तू का नाही गेलीस?"

"जाणार होते. चर्च काय, घरापासून हाकेवर." आर्जाने शाल घट्ट ओढली. "जन्मभर त्याला म्हणत आले, देवाला भी जरा. आणि तो भ्याला तेव्हा मला ते बघवेना. पाय उचललाच नाही. वाटलं, तू जाशील."

"मला शपथ होती, आई."

"असेल."

"आणि काल? काल तू मला खोटं बोलताना ऐकलंस."

"ऐकलं."

"मग काही बोलली का नाहीस?"

आर्जाने नुसतं पुढे बोट दाखवलं. रस्त्यावर पुढे, बरंच पुढे, लोरिस एकटा चालत होता. हात खिशात, मान खाली, रागाने दगड उडवत. आता तो या दोघींशी बोलणार नव्हता. कदाचित या वर्षी नाही, कदाचित कधीच नाही. थंडी कडक होती. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, पांढरी, दाट, एकामागून एक, आणि घर येईपर्यंत दोघी त्या वाफेकडे बघत चालत राहिल्या.